शेरा

मला एक वही दिली आहे, दोनशे पानी.
रकाने हुदलीकर मॅडमनी स्वतः पट्टीनं आखले:
तारीख, वेळ, पक्षी, किती, शेरा.
आणि एक शिट्टी. तिच्यातला वाटाणा हरवलाय,
म्हणून ती वाजत नाही, नुसती फुंकर येते.

आठ महिने झाले, मी रंकाळ्याच्या या मागल्या अंगाला बसतो.
कंत्राटावर. पगार कधी पाचला, कधी वीसला.
समोर पाणी, पाठीशी फुलेवाडीचा रस्ता,
मधे पाणकणसाची ही पट्टी.
बोर्डावर लिहिलंय, राखीव पाणथळ.
गल्लीतली पोरं म्हणतात, साहेबांचं गवत.

बसून बसून शिकलो.
जांभळी पाणकोंबडी चिखलातून चालते
नव्या पातळाचा काठ सांभाळणाऱ्या विहिणीसारखी,
पाऊल उचलून, जरा नाक मुरडून.
टिबुकली बुडी मारते तेव्हा मीही श्वास धरतो,
दर वेळी आधी मीच हरतो.
वंचक तर तासभर दिसतच नाही.
उडाला की कळतं,
एवढा वेळ आपण त्याच्याकडंच बघत होतो.

सुबराव गवळी माझ्या थोरल्या भावाच्या तालमीतला.
त्याच्या म्हशी इथंच उतरायच्या, गळ्याएवढ्या पाण्यात,
मग अंगावरचं पाणी निथळत
धारेला गंगावेशीत.
बोर्ड लागला त्या दिवशी तो आला.
वाचता येत असून मला मोठ्यानं वाचायला लावलं.
जनावरे धुण्यास सक्त मनाई.
"आणि ती पाखरं?" म्हणाला,
"ती काय पाव्हणी हाईत व्हय? माझ्या म्हशींच्या पाठीवर
बसून मोठी झाल्यात ती."
मी काय बोलणार. शिट्टी तोंडात धरली.
फुंकर आली.

आई सांगायची, रंकाळ्यावरचा नंदी रोज
गव्हाभर पुढं सरकतो, तांदळाभर मागं येतो,
पाण्याला टेकला की जगबुडी.
नंदी मी कधी मोजला नाही.
कुंपण मोजलंय.
दिवाळीत कडेचा खांब करंजापासून सतरा पावलं होता,
शिमग्याला पंधरा.
तक्रार दिली. मोजणीवाले आले,
टेप धरला, चहा प्याले, खांब रोवून गेले.
सोळा.
रात्री भरावाचे डंपर येतात, दिवे मालवून.
दिवेच नाहीत,
तर त्यांना बोर्ड दिसायचा कसा?

चैत्रातली दुपार. पाण्यावर नजर ठरत नव्हती.
चंद्री आली. सुबरावची सगळ्यात म्हातारी म्हैस,
तुटलेलं दावं मागं फरफटत, एकटीच,
रस्ता विचारल्याशिवाय.
बोर्डाला शिंग घासलं
आणि उतरली.
पाणी पाठीवर आलं तसं तिनं डोळे मिटले,
नाकातून एवढा मोठा सुस्कारा सोडला
की पाणकणसं हलली.
मी उठलो. नियमानं हाकलायला हवी होती.
पाणकोंबड्या उडाल्या नाहीत,
नुसत्या दोन पावलं सरकल्या,
एसटीत ओळखीच्या बाईला जागा द्यावी तशा.

मी बसलो. वही उघडली.
तारीख टाकली. वेळ, दोन वाजून दहा मिनिटं.
पक्षी: म्हैस.
किती: एक.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन बराच वेळ थांबलं,
मग मिटवून खिशाला लावलं.

रविवारी मॅडम आल्या. पानं चाळता चाळता
तिथं थांबल्या. चष्मा वर केला, खाली केला.
मी नोकरी गेली असं धरून
चपला शोधायला लागलो.
"पाठीवर गायबगळे होते का?"
"होते."
"किती?"
"चार. पाचवा शेपटाला भिऊन काठावर होता."
"मग ते कोण लिहिणार?"

मी पाच लिहिले.
चंद्री त्यांनी खोडली नाही,
ठेवली असंही म्हणाल्या नाहीत.

शेऱ्याची जागा अजून कोरी आहे.
सुबरावला एकदा वही दाखवीन म्हणतो,
अक्षर त्याचं माझ्यापेक्षा बरं आहे.